पुढची काच

"आलं का?"

"नाही आलं," कटरबाई म्हणाली, आणि तिला बरं वाटलं.

स्टिअरिंगमागे बसलेल्या फिटरने पुन्हा बटण दाबलं. बॉनेटखालची छोटी मोटर गुरगुरली, तिच्या शेजारच्या बाटलीतलं पाणी थरथरलं, पण पुढची काच धुण्यासाठी तिच्याखाली बसवलेल्या दोन पितळी जेटांपैकी एकाच्याही तोंडाशी थेंब जमला नाही.

"नीट बघ. डावीकडच्यात ओल तरी?"

"ठणठणीत कोरडा."

"बरं. बघू या घोडं कुठे अडलंय," असं म्हणून तो बाहेर आला. बिघाड सापडत नसला की त्याला जी तरतरी येते ती त्याच्या अंगात आली होती. एरवी घरात चार पावलं टाकायची तरी दहा वेळा भिंत चाचपणारा माणूस गॅरेजमध्ये मात्र तरातरा फिरत होता. प्रत्येक हत्याराची जागा त्याच्या हाताला पाठ होती.

त्याची सगळी नोकरी लिफ्टच्या दुरुस्तीत गेली होती. ती शाळांचे आणि दवाखान्यांचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात कापड कापायची. तिथल्या बायका तिला कटरबाई म्हणायच्या. ते नाव तिच्या मागोमाग घरी आलं आणि कारखाना सुटला तरी राहिलं. फिटर नवऱ्याला तिचं खरं नाव विचारलं तर त्यालाही डोकं खाजवावं लागेल, असं ती चारचौघांत सांगायची.

आणि ही गाडी म्हणजे त्या दोघांचा संसारातला दुसरा संसार. ती कारखान्यातून गाडी म्हणून आलीच नव्हती. फायबरची बॉडी आणि लोखंडी सांगाडा असा सुटा संच एक कंपनी विकायची. इंजिन, चाकं, दिवे, वायपर ज्याने त्याने मोडीतल्या गाड्यांमधून मिळवायचे आणि घरी बसून जोडायचे. कंपनी केव्हाच गाशा गुंडाळून गेली, पण फिटरने जोडलेली गाडी चालत राहिली. पिवळी, बुटकी, कोपरे गोल झालेली. गल्लीत तिला साबणाची वडी म्हणत. फिटर म्हणायचा, "हसा लेको. आयुष्यभर वर-खाली केलं, वर-खाली केलं. ही एकच वस्तू आहे जी मला पुढे नेते." आणि सुट्टीच्या दिवशी तो कटरबाईला शेजारी बसवून खरोखरच पुढे न्यायचा. कुठे असं काही नाही. रस्ता संपेपर्यंत, आणि मग परत.

डोळ्यांच्या डॉक्टरने ते थांबवायला सांगितलं होतं. दोघांना समोर बसवून, आवाज न चढवता, दोनदा सांगितलं होतं. डोळ्याच्या आतला पडदा मधोमध झिजत चाललाय. कडेचं दिसत राहील, मधलं जात जाईल. गेलेलं परत येत नाही आणि राहिलेलं किती टिकेल ते सांगता येत नाही. गाडी आजपासून बंद. फिटरने मान डोलावली, डॉक्टरांचे आभार मानले, आणि जिन्यात म्हणाला, "माणूस चांगला आहे. जरा घाबरट आहे."

त्यानंतर आठवड्याच्या आत कोपऱ्यावर एक सायकलवाला त्याच्या बॉनेटवर आपटला. नशीब म्हणून कोपराच्या खरचटण्यावर भागलं. कटरबाई शेजारीच बसली होती. तिला तो माणूस लांबून येताना दिसत होता, आणि नवऱ्याला दिसत नाहीये हे तिच्या लक्षात येईपर्यंत उशीर झाला होता. फिटर उतरला, सायकलवाल्याला स्वतःच्या हाताने उठवलं, दहा वेळा माफी मागितली. घरी आल्यावर त्याने काचेवरून बोट फिरवून तिला दाखवलं.

"बघ. धुळीचा पट्टा. बिचारा बरोबर त्याच्यामागे आला. वॉशरचे जेट मेलेत, काच धुतली जात नाही. दिसणार कसं?"

धुळीचा पट्टा होता हे खरं होतं. त्यातून तिला गॅरेजच्या भिंतीवरचा खिळाही दिसत होता हेही खरं होतं.

मग त्याने त्याच्या जुन्या धंद्यातली एक पाटी शोधून काढली आणि स्टिअरिंगला अडकवली. 'बंद आहे. काम चालू आहे.' लिफ्टमध्ये त्याचा नियम होता: पाटी एकदा लागली की बिघाड सापडेपर्यंत कोणीही आत पाय ठेवायचा नाही, मग तो इमारतीचा मालक असो नाही तर त्याची धापा टाकणारी आई असो. दुरुस्ती झाली की पहिली फेरी फिटर एकटा मारणार, आणि मगच पाटी निघणार. या नियमापायी त्याने नोकरीत शिव्या खाल्ल्या होत्या, पण नियम मोडला नव्हता. कटरबाईला त्या पाटीची पूर्वी चीड होती. आता मात्र रोज सकाळी ती गॅरेजमध्ये डोकावून पाटी जागेवर आहे ना ते पाहून यायची आणि तिच्या जिवात जीव यायचा.

जेट दुरुस्त झाले की पाटी निघणार. पाटी निघाली की एक तर हा माणूस कोणाच्या तरी अंगावर गाडी घालणार, नाही तर धुतलेल्या काचेतूनही आपल्याला दिसत नाही हे त्याला कळणार. यातलं जास्त वाईट कुठलं ते तिला ठरवता येत नव्हतं. म्हणून जेट बिघडलेलेच राहावेत, एवढंच ती मागत होती.

पण आज सकाळी त्याने जेट काढून व्हिनेगरमध्ये बुडवले होते. तासाभराने तिला हाक मारली होती.

"कटरबाई, तुझ्याकडची सगळ्यात पातळ सुई आण. हे भोक जरा साफ कर. माझा चष्मा जुना झालाय."

तिने सुई आणली. जेटच्या टोकाला टाचणीच्या डोक्याएवढा पितळी गोळा होता आणि त्यात केसाएवढं भोक. तिने सुई भोकाच्या शेजारी टेकवली, दोनदा खरवडल्यासारखा आवाज केला आणि म्हणाली, "जात नाही हो. आतून गच्च बसलंय."

त्याने जेट ओठांना लावून फुंकला. "अगं, सुई शिवलीच नाही भोकाला. तुझ्या हाताला झालंय काय?"

चोरी पकडल्यासारखे तिचे कान तापले. पुढच्या वेळी सुई आरपार गेली.

आणि तरीही आता पाणी येत नव्हतं. देव आहे म्हणायचा, असं तिच्या मनात आलं. तेवढ्यात आत फोन वाजला. मुलीचा होता.

"झालं का ते?" मुलीने विचारलं.

"नाही. पाणीच येत नाहीये."

"मग बरंय. आई, तू किल्ली लपवून का ठेवत नाहीस?"

"किल्ली लपवून काय होणार? दोन वायरी जोडून चालू करतील. गाडी त्यांनीच जोडलीय ना."

"मग मी येऊन बोलते बाबांशी."

"ये. तुला हो म्हणतील, चहा पाजतील आणि तुझी पाठ वळली की गॅरेजमध्ये जातील. डॉक्टरलाही हो म्हणालेच की."

"तुला भीती नाही वाटत?"

"वाटते," कटरबाई म्हणाली. "गाडीची वाटते. आणि गाडी नसेल तेव्हाची त्याहून जास्त वाटते. ठेव आता, हाक मारताहेत."

फिटरने बिघाड शोधून काढला होता. मोटरच्या तोंडाशी पाणी येत होतं. जेटच्या बुडाशी येत नव्हतं. म्हणजे मधली नळी चोंदली होती. आणि मधली नळी होती बॉडीच्या पोटात.

हा शहाणपणा दोघांनी मिळून केला होता. गाडी जोडताना फिटरला एकही नळी, एकही वायर बाहेर दिसायला नको होती. काचेखालची फायबरची पट्टी तेव्हा कटरबाई भरत होती. काचेच्या तंतूंचं कापड तिच्याशिवाय कोणाला कापता येत नव्हतं. कापडाचा एक थर, त्यावर ब्रशने चिकट राळ, पुन्हा थर. मधल्या थरात तिने नळी अशी बेमालूम पुरली की वरून बोट फिरवलं तरी कळू नये. फिटर तेव्हा तिच्याकडे बघून म्हणाला होता, "वा. आता ही नळी गाडीबरोबरच जाणार." तेव्हा ती कौतुकाची गोष्ट होती.

"मग राहू द्या आता," कटरबाई म्हणाली. तिने आवाज जमेल तितका सहज ठेवला. "या वयात हिचं पोट कुठे फाडता?"

"फाडायचं. वरून चीर मारायची, जुनी नळी काढायची, नवी घालायची, वर पट्टी चिकटवायची. माशांच्या टाकीची नळी आणून ठेवलीय मी."

"रंग जाईल."

"जाऊ दे."

"पुन्हा तसा पिवळा मिळायचा नाही."

"पिवळा घेऊन काय करू, समोरचं दिसलं नाही तर?" तो म्हणाला. बोलताना तो तिच्या कानाकडे बघत होता. हल्ली तो तसंच बघायचा. नजर कानावर ठेवली की तिचा चेहरा त्याला कडेने का होईना, दिसत असावा. त्याला वाटायचं हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

त्याने हॅकसॉ करवतीचं सुटं पातं घेतलं, एका टोकाला फडकं गुंडाळलं आणि पट्टीवर टेकवलं. दोन हात ओढले तोच पातं सटकलं, रंगावर लांब ओरखडा गेला आणि त्याचा अंगठा फाटला. त्याने पातं उचलून पुन्हा टेकवलं, तेही भलतीकडेच. रक्त पिवळ्या रंगावर पसरत होतं. त्याला ते दिसलं नाही, आणि थेंब नक्की कुठून येताहेत हे त्याने बोटांनी चाचपून पाहिलं, तेव्हा कटरबाईला ते बघवेना.

"द्या इकडे," ती म्हणाली. "कापायचं काम तुमचं नव्हे."

तिने त्याचा अंगठा बांधला. दोघांनी तोंडाला रुमाल गुंडाळले, कारण फायबरची धूळ घशात गेली की दिवसभर खाज सुटते. नळी कुठून गेलीय ते तिला आठवावं लागलं नाही. तिने शिवणाच्या खडूने रेघ मारली आणि पातं चालवायला घेतलं.

वाकडं कापता आलं असतं. पातं जरा जास्त दाबलं असतं, नवी नळी एका जागी दुमडून चेपली असती, तर हा विषय आजचा तरी मिटला असता. कापताना तिने हे सगळं मनात घोळवलं. पण वाकडं कापायला तिचा हात शिकलाच नव्हता. चीर रेघेवरून सरळ गेली, आणि ती सरळ जातेय हे बघून तिला स्वतःच्याच हाताचा राग आला.

जुनी नळी वाळलेल्या शेंगेसारखी तुकड्या-तुकड्यांनी मोडत बाहेर आली. आत पांढरा थर घट्ट बसला होता. फिटरने तो नखाने खरवडून हुंगला.

"साबण. बाटलीत कपडे धुवायच्या साबणाचं पाणी कोण भरायचं?"

"मीच. तुम्हीच म्हणायचात काच चकचकीत होते म्हणून."

"होत होती की," तो म्हणाला आणि हसला. बऱ्याच दिवसांत तो असा हसला नव्हता. हा माणूस आज इतका खूश आहे आणि आपण त्याला खड्ड्याच्या काठाशी घेऊन चाललोय, असं तिला वाटलं. पण हात थांबले नाहीत. नवी नळी बसली, जेटच्या बुडाला घट्ट गेली, चिरेवर पट्टी चिकटली. पट्टी वाळेपर्यंत दोघांनी गॅरेजच्या पायरीवर बसून चहा घेतला. तो पुढच्या सुट्टीला कुठल्या रस्त्याने जायचं ते सांगत होता आणि ती हो हो म्हणत होती.

ऊन उतरायला लागलं तेव्हा तो आत जाऊन बसला. गॅरेजचं दार सताड उघडं होतं. कटरबाई टाचणी घेऊन बॉनेटपाशी वाकली. पाण्याची धार काचेवर नेमकी कुठे पडायला हवी ते जेटच्या टोकाचा गोळा टाचणीने फिरवून ठरवायचं असतं.

"मारतो बटण."

मोटर गुरगुरली. नळीत बुडबुडे धावले आणि दोन्ही जेटांतून पाणी एकदम सुटलं. उजवीकडची धार टपावरून पार मागे गेली. डावीकडची तिच्या तोंडावर आली.

"आलं," ती म्हणाली.

"ऐकलं मी. लाव नेम."

तिने नेम लावला. एकदा उजवा, एकदा डावा, पुन्हा उजवा. दोन धारा काचेच्या बरोबर मध्यावर पंख्यासारख्या फुटल्या. वायपर फिरले, धूळ चिखल होऊन खाली ओघळली, पुन्हा पाणी, पुन्हा वायपर. काच अशी झाली की मध्ये काच आहे हे कळू नये. आतला फिटर तिला इतका स्पष्ट दिसत होता की त्याच्या भुवईतले पांढरे केस मोजता आले असते.

त्याने स्टिअरिंगवरची पाटी काढून शेजारच्या सीटवर ठेवली. "पहिली फेरी माझी," तो म्हणाला. "गल्लीच्या टोकापर्यंत. तू थांब इथेच."

"आज नको," ती म्हणाली. पण इंजिन तोवर सुरू झालं होतं आणि तिचं बोलणं त्यात बुडालं.

ती बॉनेटसमोरच उभी होती, टाचणी हातात धरून. फिटरने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, पाठ ताठ केली आणि समोर पाहिलं. किती तरी दिवसांनी त्याने तिच्या कानाकडे न बघता थेट तिच्या तोंडाकडे पाहिलं. त्याचा चेहरा मोकळा होता. क्षणभर तिला वाटलं की खरंच धुळीचाच दोष असेल, डॉक्टरच चुकला असेल.

"झालीस ना बाजूला?" त्याने तिच्या डोळ्यांत बघत विचारलं. "समोर कोणी नाही ना?"

तिने नुसती मान हलवली, हात वर केला. तो तसाच, शांतपणे, तिच्यातून पलीकडचा रस्ता बघत राहिला. मग गिअर पडला. गाडी हलकेच पुढे आली आणि तिचा बंपर कटरबाईच्या गुडघ्याला टेकला.

"मी आहे," ती म्हणाली.

ब्रेक लागला. "कुठे?"

"समोर."

"समोर कुठे?"

"तुमच्या पुढ्यात. बॉनेटवर हात ठेवलाय माझा."

त्याने मान जराशी वळवली, मग दुसरीकडे वळवली. कडेच्या नजरेत ती त्याला सापडली असावी, कारण त्याच्या तोंडावरचा तो मोकळेपणा एकदम गेला. त्याने इंजिन बंद केलं. गल्लीत कोणाच्या तरी घरी भांडी घासत होते, तेवढाच आवाज राहिला.

"लागलं का तुला?"

"नाही."

"जेट नीट मारताहेत?"

"दोन्ही नीट. बरोबर मध्यावर."

पुढचा प्रश्न कुठला ते तिला ठाऊक होतं. अजून डाग आहे, एवढंच म्हणायचं होतं. तेवढ्यावर तो उद्या काच उतरवून घासायला बसला असता, मग वायपरचं रबर बदललं असतं, मग आणखी काही काढलं असतं. पाटी पुन्हा लागली असती आणि पुढचे कित्येक दिवस गॅरेजमध्ये दोघांना काम मिळालं असतं. हे सगळं तिच्या जिभेवर तयार होतं.

"आणि काच?" त्याने विचारलं.

आयुष्यात त्याने तिला कामाबद्दल विचारलं आणि तिने खोटं सांगितलं, असं सकाळच्या त्या सुईखेरीज कधी झालं नव्हतं. तिने काचेकडे पाहिलं, मग काचेतून त्याच्याकडे.

"काच स्वच्छ आहे," ती म्हणाली. "एक डाग नाही."

"हं," फिटर म्हणाला. बिघाड कुठे आहे ते कळल्यावर तो नेहमी तेवढंच म्हणायचा. तो उतरेल असं तिला वाटलं, पण तो उतरला नाही. किल्ली काढून त्याने मांडीवर ठेवली.

"मग बिघाड काचेत नव्हता," तो म्हणाला.

"नाही."

"तुला माहीत होतं."

"हो."

तिला रडू येत होतं, पण तिने ते गिळलं, कारण तिचं रडणं त्याने ऐकलं असतं. थोड्या वेळाने त्याने हात पुढे करून बटण चाचपलं आणि दाबलं. पाणी उडालं. त्याने मान तिरपी करून धारेचा आवाज ऐकला, पुन्हा दाबलं. दोन्ही धारा एकाच वेळी, एकाच उंचीवर काचेवर फुटत होत्या, आणि काचेपलीकडे तो डोळे मिटून बसला होता. कटरबाईने त्याला थांब म्हटलं नाही. तो दाबत राहिला. शेवटी धार लहान होत गेली, जेटांनी दोन-तीन उचक्या दिल्या आणि मोटर नुसतीच कोरडी फिरायला लागली.

"पाणी संपलं वाटतं," तो म्हणाला.

"भरते," कटरबाई म्हणाली. तिने बॉनेट उचललं, कोपऱ्यातला डबा आणला आणि बाटली खुणेपर्यंत भरली.